दार एस सलामचे रस्ते, बोळ आणि पसारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानियातल्या दार एस सलामला मी अकरा वर्षं राहतोय. छोट्या दुकानांना माल पोचवणाऱ्या गाड्यांचे रूट लावणं हे माझं काम, त्यामुळे या शहरातला कुठला बोळ कुठे संपतो हे डोक्यात पक्कं बसलंय, हौस म्हणून नाही, डिझेलच्या बिलामुळे. नोकरीसाठी इकडे येणारे, इथे आधीच असलेले आणि नगररचना शिकणारी पोरं सगळेच तेच तेच प्रश्न पाठवतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो. इथले लोक शहराला नुसतं "दार" म्हणतात, मीही तेच म्हणणार, दरवाजा समजू नका.

१. कनेक्टिव्हिटी म्हणजे काय? रस्ते आहेत की नाहीत एवढंच ना?

नाही. रस्ते असणं वेगळं आणि रस्ते एकमेकांना जोडलेले असणं वेगळं. माझंच उदाहरण सांगतो. शहराच्या वायव्येला गोबाच्या बाजूला आमची दोन दुकानं आहेत, एका दुकानाच्या ओट्यावरून दुसऱ्याचा निळा पत्रा दिसतो. मॅपवर सरळ रेघ मारली तर ६५० मीटर. पण मधे ओढ्याची घळ आहे आणि तिच्यावर पूल नाही, म्हणून गाडी आधी मागे मोठ्या रस्त्याला येते, मग पुढच्या फाट्याने परत आत शिरते, मीटरवर २.९ किमी. म्हणजे साडेचार पट वळसा. दोन्ही दुकानांसमोर रस्ता आहे बरं का! जोड नाही, एवढंच.

२. शहर वाढलं की पसरणारच. मग "स्प्रॉल" म्हणून नावं का ठेवायची?

वाढण्याला कोणी नावं ठेवत नाही. १९६७ च्या जनगणनेत दारची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती, २००२ मध्ये २५ लाखांच्या घरात, २०१२ मध्ये ४३.६ लाख आणि २०२२ मध्ये ५३.८ लाख. एवढी माणसं कुठेतरी राहणारच ना. प्रश्न कसं पसरलं याचा आहे. मधला जुना भाग आणि काही ठिकाणच्या इमारती सोडल्या तर शहर बहुतेक बैठ्या घरांचं आहे, आणि कुठल्याही मोठ्या रस्त्याने तीस किलोमीटर बाहेर जा, घरं चालूच. पसारा म्हणजे घरं आधी गेली आणि रस्ता, पाणी, गटार, शाळा मागून धापा टाकत येतायत, काही ठिकाणी अजून निघालेच नाहीयेत. यातली सगळ्यात महाग चूक रस्त्याची, कारण पाण्याची पाइप नंतर घालता येते, रस्त्याची जागा नंतर सापडत नाही (का ते प्रश्न १२ मध्ये).

३. दारला मोठे रस्ते चारच आहेत असं ऐकलं, खरं का?

शहरातून बाहेर जाणारे मुख्य रस्ते चारच धरतात. उत्तरेला किनाऱ्याला धरून बागामोयो रोड, पश्चिमेला मोरोगोरो रोड, विमानतळाकडे न्येरेरे रोड (जुने लोक अजून पुगू रोड म्हणतात) आणि दक्षिणेला किलवा रोड. हाताची बोटं पसरल्यासारखे. शहर आधी या बोटांच्या कडेकडेने वाढलं, कारण डालाडाला म्हणजे इथली मिनीबस तिथूनच जायची, आणि मग बोटांच्या मधल्या बेचक्या हळूहळू भरत गेल्या. आडवा जोड म्हणाल तर बंदराकडून येणारा मंडेला रोड आणि त्याला पुढे जोडून सॅम नुजोमा रोड, आत कावावा रोड, आणि अलीकडे बाहेरच्या बाजूला काही रस्ते डांबरी झालेत. पण शहराच्या आकाराच्या मानाने आडवे धागे फार कमी. उभे धागे ताणून ठेवलेत आणि आडवं विणलंच नाही असं कापड समजा.

मला विचाराल तर दारचं खरं दुखणं ना हायवेचं आहे, ना बोळांचं. मधला थर गायब आहे. हायवे आहेत, बोळ तर हजारोंनी आहेत, पण बोळातून निघून हायवेला न जाता शेजारच्या वस्तीत जाता येईल असा दहा-बारा मीटरचा साधा रस्ता नाही. त्यामुळे भाजी आणायला निघालेला माणूसही हायवेवर आणि बंदरातून झांबियाला निघालेला कंटेनरही हायवेवर.

४. बोळ इतके वाकडेतिकडे कसे? कोणी आखले?

शेताच्या मालकाने, मुद्दाम न आखता. शहराच्या कडेला आंबा, काजू, नारळाची शेतं असतात, त्याला "शांबा" म्हणतात. मालकाला पोराची फी भरायची असते, तो शांब्याचा एक तुकडा विकतो. वर्षभराने आणखी एक. गिऱ्हाईक आणतो तो "दलाली", शब्द आपलाच वाटतो ना, कामही तेच. वस्तीचा अध्यक्ष आणि शेजारी साक्षीला असतात, पावलांनी किंवा टेपने मोजतात, कोपऱ्यावर झाड किंवा सिमेंटचा खुंट, वहीत सह्या. झाला व्यवहार. आत जायला वाट किती ठेवायची? तर ज्याने पहिला तुकडा घेतला त्याच्या सोयीइतकी.

मग घर बांधणं सुरू होतं आणि तेही एका दमात नाही. गृहकर्ज बहुतेकांना मिळत नाही, महिन्याला जमतील तेवढ्या सिमेंटच्या विटा पाडून ठेवायच्या, दोन वर्षांनी भिंती, चार वर्षांनी पत्रा. तोपर्यंत विटांचा ढीग वाटेवर. मी एक वाट बघितलीय, २०१५ ला तिथून आमचा टेम्पो सहज जायचा, मग डावीकडच्याने कंपाउंड घातलं ते दोन हात पुढे, उजवीकडच्याने बघितलं की हा पुढे आला तर मी का नाही, त्यानेही घातलं, आता तिथे टेम्पो सोडा, बजाजीचा म्हणजे इथल्या रिक्षाचा आरसा दोन्ही बाजूंना घासतो आणि एका भिंतीवर त्या आरशाच्या उंचीवर लांबलचक काळी रेघ उमटलीय.

ज्यांनी पुणे, औरंगाबाद, सांगलीकडे गुंठेवारी बघितलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीत रस्ता हा कोणाचाच गुंठा नसतो.

५. म्हणजे दारचा प्लॅन कधी झालाच नाही?

भरपूर वेळा झाला! जर्मनांनी १८९१ मध्ये इथे राजधानी आणली तेव्हापासून आखणी चालू आहे, आणि ती आखणी वर्णावर होती. युरोपियनांचा भाग उझुंगुनी, हिंदी लोकांचा उहिंडिनी, आफ्रिकन लोकांचा उस्वाहिलिनी. मधे म्नाझी म्मोजाचा मोकळा पट्टा ठेवला, आजही ते मैदान आहे, सकाळी त्यातून चालत जाणाऱ्या लोकांना कल्पनाही नसते की ही जागा माणसं लांब ठेवायला मोकळी सोडली होती. पुढे ब्रिटिश काळात १९४९ चा मास्टर प्लॅन, स्वातंत्र्यानंतर १९६८ चा, मग १९७९ चा. १९७९ नंतर मात्र नवा मास्टर प्लॅन यायला पस्तीसहून जास्त वर्षं गेली, २०१६ ते २०३६ चा. आणि त्याच मधल्या काळात शहर सगळ्यात जास्त वाढलं. प्लॅन नव्हता असं नाही, शहर पळत होतं तेव्हा प्लॅन झोपला होता.

६. मग चांगला जोडलेला एखादा भाग दाखवा की.

दोन दाखवतो.

पहिला करियाको. नाव पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या "कॅरियर कोअर" म्हणजे हमालांच्या पलटणीवरून पडलंय, त्यांचा तळ तिथे होता. आफ्रिकन वस्ती म्हणून चौकटीत आखलेला भाग, सरळ गल्ल्या, थोड्या-थोड्या पावलांवर चौक. आज तिथे बैठी घरं पाडून दहा-दहा मजली इमारती झाल्या, पूर्व आफ्रिकेतला मोठा घाऊक बाजार झाला, गर्दी अशी की हातगाडीला वाट मिळत नाही, पण एक गल्ली बंद पडली तर शेजारच्या गल्लीने जाता येतं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चौकटीने हे सगळं पेललं.

दुसरा भाग सिंझा आणि किजिटोन्यामा. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून "साइट्स अँड सर्व्हिसेस" योजना आली. सरकारने घरं बांधली नाहीत, फक्त प्लॉट पाडले, रस्त्याची जागा सोडली, पाणी आणलं, घर तुमचं तुम्ही बांधा. बास एवढंच. आज चार-पाच दशकांनी सिंझात फिरा, घरं एकसारखी नाहीत, कोणी बंगला बांधला, कोणी बार काढला, पण रस्ते जागेवर आहेत. त्याच काळात मांझेसेत उलटा प्रयोग झाला, घरं आधीच होती आणि तिथे नंतर रस्ते, पाणी घातलं. आज दोन्हीकडे एकाच दिवशी गाडी पाठवली की फरक मला किलोमीटरमध्ये कळतो.

७. अनप्लॅन्ड वस्ती म्हणजे झोपडपट्टीच ना?

इथेच आपली माणसं फसतात. दारमधले सत्तर टक्क्यांच्या वर लोक अनियोजित वस्तीत राहतात असं साधारण धरतात, आणि त्यात शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, प्राडो गाडीवाले आहेत. जुनं स्वाहिली घर असतं, मधे लांब बोळकंडी, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे अंगण, समोर बसायला ओटा म्हणजे "बराझा". मालक एका खोलीत, बाकी भाड्याने. घर पक्कं, सिमेंटचं. कच्चं आहे ते घराबाहेरचं, म्हणजे वाट, गटार, दिवे.

८. मॅपवर मांझेसे, टांडालेत रेषांचं जाळं खूप दाट दिसतं. मग कनेक्टिव्हिटी तर उत्तमच की?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा असतो आणि चांगला असतो. पायी चालणाऱ्यासाठी खरंच उत्तम आहे. घराघरामधून "किचोचोरो" म्हणजे अरुंद बोळ जातात, कुठूनही शिरा, कुठेही निघा, कनेक्टिव्हिटीचे आकडे काढले तर युरोपातल्या जुन्या गावांना लाजवतील. पण चाक आलं की सगळं उलटं. आगीचा बंब शिरत नाही, बाळंतीण बाईला खुर्चीत बसवून बाहेर आणावं लागतं, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे मैला उपसणारी टँकरगाडी संडासाच्या खड्ड्यापर्यंत पोचत नाही. मग लोक पावसाची वाट बघतात आणि मुसळधार सरीत खड्ड्याला भोक पाडून सगळं वाहत्या पाण्यात सोडून देतात, याला स्वाहिलीत "कुटापिशा" म्हणतात, अर्थ ओकायला लावणं. कॉलऱ्याचा आणि रस्त्याच्या रुंदीचा संबंध काय असं विचारणाऱ्यांना मी हा शब्द सांगतो.

म्हणून आकडे काढताना पायवाटा आणि गाडीरस्ते वेगळे काढा. आणि हो, हे बोळ मॅपवर दिसतात तरी कशामुळे? २०१५ पासून "रामानी हुरिया" नावाचा उपक्रम चालला, आर्धी युनिव्हर्सिटीची मुलं आणि वस्तीतले लोक हातात जीपीएस घेऊन बोळ न बोळ फिरले आणि ओपनस्ट्रीटमॅप या फुकट, खुल्या ऑनलाइन नकाशावर चढवला, वर ड्रोनचे फोटो. ज्या शहरात ते झालं नाही तिथली वस्ती मॅपवर कोरी दिसते, म्हणजे तिथे वाटा नाहीत असं नसतं.

९. मग श्रीमंत भाग, मसाकी, ऑयस्टरबे, तिथे तरी सगळं नीट असेल?

रस्ते रुंद, झाडं छान, जोडणी मात्र बेताची. ब्रिटिशांनी साहेबांसाठी मोठमोठ्या प्लॉटचा बगिचा-टाइप भाग आखला, लांबच लांब रस्ते आणि चौक कमी. वर तो भाग म्सासानी द्वीपकल्पावर, तीन बाजूंना पाणी, त्यामुळे गावात जायचं तर सेलँडर पुलाचा गळा. २०२२ मध्ये शेजारी समुद्रावरून साधारण एक किलोमीटरचा टांझानाइट पूल झाला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. थोडक्यात, नियोजित म्हणजे जोडलेलं असं नाही आणि अनियोजित म्हणजे तुटलेलं असंही नाही, मांझेसे आणि मसाकी शेजारी ठेवून बघा.

१०. एवढे फ्लायओव्हर आणि बीआरटी झाली, आता तरी सुटला ना ट्रॅफिकचा प्रश्न?

थोडा सुटला. टाझारा चौकातला म्फुगाले फ्लायओव्हर २०१८ चा, उबुंगोचा तीन मजली किजाझी इंटरचेंज २०२१ चा, दोन्हींनी माझ्या गाड्यांचा वेळ वाचवला, खोटं का बोला. बीआरटी म्हणजे "म्वेंडोकासी", शब्दाचा अर्थ वेगाने जाणं, मे २०१६ मध्ये मोरोगोरो रोडवर सुरू झाली, पहिला टप्पा २१ किमी, किमारा ते किवुकोनी. पुण्याच्या बीआरटीचा अनुभव असलेल्यांनी नाक मुरडू नये, इथे रस्त्याच्या मधोमध वेगळी लेन आणि बंदिस्त स्टेशनं आहेत आणि बस खरोखर पळते.

पण बघा, किमारा स्टेशनला उतरलेल्या माणसाचं घर स्टेशनवर नसतं. ते असतं तीन किलोमीटर आत, टेकडी उतरून ओढा ओलांडून. तिथे बस जाऊ शकेल असा रस्ता नाही म्हणून बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आणि तिचं भाडं बसच्या तिकिटापेक्षा जास्त. फ्लायओव्हर हायवेच्या चौकातली कोंडी काढतो, सगळ्यांना हायवेवर यावं लागतं हे तो बदलत नाही (प्रश्न ३ चा शेवट).

११. इथल्या रिक्षाला "बजाजी" म्हणतात हे खरं?

खरं! कंपनी कुठलीही असू दे, स्वाहिलीत तीनचाकी म्हणजे बजाजी. आकुर्डीचं नाव दारच्या बोळात रोज हजारदा घेतलं जातं आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. माझी पहिल्या आठवड्यातली फजिती म्हणजे मी एकाला अभिमानाने सांगितलं की बजाज आमच्या पुण्याचं, तर तो म्हणाला बजाजी तर इथलंच आहे, तुमच्याकडे पण आहे का? गाडीला "गारी" आणि दुकानाला "डुका" म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून निम्मं काम मराठी-हिंदीवर निभतं. आणि या बजाजी, बोडाबोडा काही फॅशन म्हणून वाढल्या नाहीत, अरुंद आणि तुटक रस्त्यावर चालेल असं वाहन म्हणून वाढल्या.

१२. अहो पण नंतर रस्ता रुंद करता येतोच की. पाडायचं आणि करायचं.

करता येतो, किंमत बघा फक्त. २०१७ मध्ये मोरोगोरो रोड किमाराच्या पुढे किबाहाच्या दिशेने रुंद करायचा होता, रस्त्याच्या राखीव पट्ट्यातल्या घरांच्या भिंतींवर लाल रंगात मोठ्ठा X मारला आणि मग बुलडोझर. त्या बाजूने जाताना महिनोन्महिने दोन्ही कडांना विटांचे ढीग, अर्ध्या कापलेल्या खोल्या आणि भिंतीवर लटकलेलं कॅलेंडर दिसायचं.

दुसरा मार्ग सौम्य आहे, त्याला "उरासिमिशाजी" म्हणतात, म्हणजे आहे त्या वस्तीची मोजणी करून कागदपत्रं देणं, आणि ते करताना शेजाऱ्यांनी एकमेकांत ठरवून वाटेसाठी जागा सोडायची. अशा एका बैठकीला मी गेलोय, आमचं गोदामाचं शेड तिथे होतं म्हणून. आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मोजणीवाल्या पोराच्या हातात नकाशा, सगळ्यांनी एक-एक मीटर सोडायचा असं ठरत आलेलं. पहिले दोघे तयार झाले. तिसरी म्हातारी बाई उठली, म्हणाली माझ्या त्या मीटरमध्ये संडासाची टाकी आहे, नवी टाकी कोण बांधून देतं? सगळे गप्प. चौथा म्हणाला ती सोडणार नसेल तर मी का सोडू? तीन तासांनी रस्ता सहा मीटरचा होता तो कागदावर साडेतीन मीटरचा झाला आणि लोक चहा पिऊन घरी गेले. मला त्या म्हातारीचा राग नाही येत हो, तिचं बरोबरच होतं. घरं नसताना तोच रस्ता फुकट झाला असता.

सरकारने हेही करून बघितलंय. २००० च्या दशकात वीस हजार प्लॉटची योजना आली, शहराच्या कडेला किबाडा, बुंजू, म्बवेनी अशा ठिकाणी आधी आखणी करून प्लॉट विकले. रस्त्याची जागा राहिली, हे मोठं काम झालं. तक्रार एवढीच की घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी बांधलं नाही, भाव चढायची वाट बघत ठेवलं, आणि गरिबाला परवडला नाही तो त्याच्याही पुढे जाऊन शांब्याचा तुकडा घेऊन बसला. म्हणजे परत प्रश्न ४.

१३. पाऊस पडला की शहर दोन तुकड्यात तुटतं म्हणतात, अतिशयोक्ती?

मार्च ते मे "मासिका" म्हणजे मोठा पाऊस. म्सिंबाझी नदी शहराच्या मधून वाहते आणि मोरोगोरो रोड तिला जांग्वानीला ओलांडतो. नदी फुगली की तो रस्ता बंद, आणि कमाल म्हणजे म्वेंडोकासीचा बसडेपो बांधला तोही त्याच पूरमैदानात, बसेस पाण्यात उभ्या राहिलेल्या मी स्वतः बघितल्यात. जाळं दाट असतं तर एक पूल बंद झाला तर दुसऱ्याने गेलो असतो. इथे दुसरा फार लांब. डिसेंबर २०११ च्या पुरानंतर नदीकाठच्या कुटुंबांना उत्तरेला माब्वेपांडेत प्लॉट देऊन हलवलं, पण ते तीसेक किलोमीटर लांब, कामधंदा करियाकोत, रोजचं भाडं कुठून आणायचं? पूर टाळायला पसारा वाढला असं झालं ते. यावर सोपं उत्तर माझ्याकडेही नाही.

१४. मी नगररचनेचा विद्यार्थी आहे, घरी बसून मोजायचं कसं?

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. एक-एक चौरस किलोमीटरचे तुकडे घ्या, एक करियाकोचा, एक सिंझाचा, एक गोबाचा. प्रत्येकात चौक मोजा, रस्त्यांची एकूण लांबी मोजा, आणि एकूण टोकांपैकी बंद टोकं किती ते बघा. यूएन हॅबिटॅटचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शहरं-वस्त्यांसाठीच्या संस्थेचा, सल्ला आहे की चौरस किलोमीटरला किमान १८ किमी रस्ता, ८० ते १०० चौक आणि जमिनीचा निदान ३० टक्के भाग रस्त्यांना. मग काही घरं निवडून वळशाचं गुणोत्तर काढा, म्हणजे रस्त्याने अंतर भागिले सरळ अंतर. चौकटीच्या भागात हे दीडच्या आत राहतं, माझ्या गोबाच्या दुकानांचं साडेचार आलं ते प्रश्न १ मध्ये आहेच.

चुका होतात त्या अशा. तुकड्याच्या कडेला कापलेला रस्ता बंद टोक म्हणून मोजला जातो. समोरासमोर न येता पाच मीटर सरकून मिळणारे दोन फाटे दोन चौक म्हणून येतात, खरं तर एकच. मधे दुभाजक असलेले दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो एक चौक चार चौक होतो. आणि मॅपवर रस्ता दिसतो पण मधे कोणीतरी फाटक लावलेलं असतं, ते फक्त तिथल्या दुकानदाराला माहीत, म्हणून निकाल आल्यावर निदान एकदा तिथल्या माणसाला फोन करा.

१५. २०१२ ते २०२२ मध्ये वाढीचा वेग एकदम कमी झाला. म्हणजे पसारा थांबला ना?

या आकड्याने भलेभले फसलेत. २००२ ते २०१२ मध्ये दार वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या वर वाढत होतं, पुढच्या दशकात दोन टक्क्यांच्या जरा वर. पण जनगणना मोजते ती दार प्रांताच्या हद्दीपर्यंत. हद्दीपलीकडचा प्वानी प्रांत बघा, २०१२ मध्ये सुमारे ११ लाख, २०२२ मध्ये २० लाखांच्या वर. किबाहा, म्कुरांगा, बागामोयोच्या बाजूला उडी मारलीय सगळ्यांनी. माणूस सकाळी दारला येतो, रात्री प्वानीत झोपतो, आणि हिशोबात दार शांत झालेलं दिसतं.

१६. राजधानी डोडोमाला गेली ना? मग गर्दी कमी होईल.

मंत्रालयं गेली. बंदर गेलं नाही, करियाको गेलं नाही. पुढचा प्रश्न.

१७. हायवे आणि गल्ली, दोन्ही एकच खातं बघतं का?

नाही. मोठे रस्ते टॅनरोड्सकडे, गावातले आणि शहरातले आतले रस्ते २०१७ पासून टारुराकडे. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या प्रकल्पातून आतले बरेच रस्ते गटारासकट, दिव्यांसकट पक्के झाले, टेमेके भागात तर फरक डोळ्यांना दिसतो. ज्या वस्तीत असा एक रस्ता गेला तिथे दोन वर्षांत ओट्यांची दुकानं झाली आणि खोलीचं भाडं वाढलं, भाडेकरूला विचाराल तर तो खूश नाही.

१८. तिकडे प्लॉट घेऊन ठेवू का? स्वस्त आहे म्हणतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर नाही. जमीन सगळी सार्वजनिक, राष्ट्राध्यक्ष विश्वस्त, लोकांना मिळतो तो ठरावीक मुदतीचा वहिवाटीचा हक्क, जास्तीत जास्त ९९ वर्षं, आणि परदेशी माणसाला तोही गुंतवणुकीच्या सरकारी मार्गानेच. जमिनीच्या कागदाला "हाती" म्हणतात. कोणाच्या तरी नावावर घेऊन ठेवू म्हणणारे भेटतात, आपल्यातलाच एक जण असा पैसे घालून बसला आणि आता त्या प्लॉटवर दुसऱ्याचं चर्चचं शेड आहे.

भाड्याने घर बघत असाल तर एकच सांगतो, दुपारी कोरड्या दिवशी बघायला जाऊ नका. पाऊस पडून गेल्यावर जा, आणि दलालीच्या गाडीतून नाही, बजाजीने. बजाजीवाला आत यायला नाही म्हणाला की समजायचं ते समजा.

१९. पत्ता कसा सांगतात मग?

पूर्वी "मोठ्या बाओबाबपाशी, हिरव्या मशिदीच्या मागे, मामा अमुकचं घर" असा. २०२२ मध्ये जनगणनेच्या आधी देशभर पत्त्यांची मोहीम झाली, गल्ल्यांना नावं आणि पाट्या, घरांना नंबर. आमच्या दुकानांना नंबर आले, मी हौसेने सगळे सिस्टिममध्ये भरले. ड्रायव्हर अजून मशिदीच्या मागेच जातो.

२०. तुमच्या त्या ६५० मीटरच्या दुकानांचं पुढे काय झालं?

हे हल्ली सगळ्यात जास्त विचारतात! गेल्या मासिकात, म्हणजे मोठ्या पावसात, घळीवर तिथल्याच पोरांनी विजेचे दोन जुने लाकडी खांब आडवे टाकले, वर फळ्या ठोकल्या. चालत जाणाऱ्याला २०० शिलिंग, बोडाबोडाला ५००, शाळेच्या मुलांना फुकट. एक पोरगा छत्री लावून दिवसभर पैसे घ्यायला बसतो, पाऊस थांबला की उठून जातो आणि मग फुकट. दुसऱ्या दुकानाचा मालक बिस्किटांची खोकी आता पहिल्या दुकानात उतरवून घेतो आणि डोक्यावरून पलीकडे नेतो, पुलाचे पैसे आमच्याकडून मागतो, मी देतो, डिझेलपेक्षा स्वस्त पडतं. मोठा ट्रक मात्र अजून २.९ च जातो.